माळकरी की मटणवाली: रीफ टँकमधले फुकटे पाहुणे ओळखायचे कसे

लातुरात राहून घरात रीफ टँक, म्हणजे कोरलचा खाऱ्या पाण्याचा टँक ठेवलाय म्हणलं की माणसं आधी आपल्या तोंडाकडं बघतात. साहजिक आहे, 2016 ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेलं गाव हे, आणि हा बाबा आरओचं पाणी काढून त्यात परत मीठ कालवायलाय. पण ते रडगाणं आज नको. आज विषय आहे टँकमधे आपण न सोडताच आलेल्या मंडळींचा. दगडाला, कोरलच्या म्हणजे प्रवाळाच्या तुकड्याला, विकत घेतलेल्या एखाद्या शंखाच्या पाठीला चिकटून जे काय येतं त्याला हॉबीतले लोक हिचहायकर म्हणतात, आपण सरळ फुकटे म्हणू.

मागच्या श्रावणात गावाकडून तात्या आले होते, माझे चुलते. काचेवर गोगलगाय चालताना बघितली आणि चहाचा कप खालीच ठेवला त्यांनी. त्यांचंही खरंय. 2022 च्या जुलैत लातूर, बीड आणि तेव्हाचं उस्मानाबाद ह्या पट्ट्यात शंखी गोगलगाईंनी कोवळं सोयाबीन रातोरात फस्त केलं, तात्यांना दुबार पेरणी करावी लागली, भल्या पहाटे बॅटरी घेऊन गोगलगाई वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या हे काम पंधरा दिवस केलंय त्या माणसानं. म्हणले, "मीठ टाक की वरून, बघत काय बसलास?" म्हणलं तात्या, हे पाणीच खारं आहे, लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास मीठ आहे ह्यात, तिचं माहेरच ते. तात्या गप झाले पण पटलं नव्हतं, मधूनमधून काचेकडं असं बघत होते की जणू ती आत्ता बाहेर येऊन सोयाबीनकडं निघंल.

हसायला ठीक आहे, पण पहिल्या वर्षी मी पण तात्याच होतो. रात्री काचेवर करड्या काळपट, बोटाच्या पेराएवढ्या गोगलगाई दिसायला लागल्या, पाठीवर नखाएवढं चपटं कवच, अंग मात्र कवचाच्या बाहेर सांडलेलं, थेट वांग्याच्या वाफ्यातली बिनशंखाची गोगलगाय. चार दिवसात वीसेक पकडल्या आणि गच्चीवर उन्हात टाकल्या. एकीला चिमट्यात धरलं तर तिनं पालीसारखं मागचं शेपूट तोडून टाकलं, मला अजूनच किळस आली. महिन्याभरात दगडावर केसाळ हिरवं शेवाळ माजलं आणि मग कळलं की ती स्टोमॅटेला होती, शेवाळ खाणारी, कोरलला तोंड न लावणारी, लोक पैसे मोजून मागवतात अशी. फुकटात राबणारे वीस सालगडी मी स्वतःच्या हातानं उन्हात वाळवले होते.

तेव्हापासून माझ्या घरी पद्धत एकच, ओळख पटेपर्यंत मारायचं नाही आणि मोकळं पण सोडायचं नाही, बरणीत ठेवायचं. ओळख पटवायला सामान फार लागत नाही. एक टॉर्च, तिच्या तोंडावर लाल जिलेटीन पेपर रबरबँडनं बांधलेला, स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळतो तोच. लाल उजेड ह्या बिनकण्याच्या बहुतेक प्राण्यांना नीट दिसत नाही त्यामुळं ते पळत नाहीत, पांढरा टॉर्च मारला की तुम्हाला फक्त बिळात शिरणारी शेपटी दिसंल. टँकचा लाइट बंद झाल्यावर दीडदोन तासांनी बसायचं, पाच मिनिटात डोळे सरावतात. मग एक काचेची चपटी वाटी, आणि लेकीच्या आलेख वहीचं एक पान. मिलिमीटरचे चौकोन असतात ना त्यावर, पान वाटीखाली सरकवायचं आणि वरून मोबाइलनं फोटो काढायचा, लांबी आपोआप कळते. नाहीतर माणूस सांगतो "एवढीशी होती" आणि ती एवढीशी 2 मिलिमीटर की 2 सेंटिमीटर ह्यावर सगळा निकाल फिरतो. वाटी डोक्याच्या वर धरून खालूनही बघायचं, पाय, तोंड, झाकण, सोंड सगळं खालच्या बाजूनंच दिसतं.

आता मुख्य प्रश्न, ही माळकरी की मटणवाली. शेवाळ खाणारी सगळी माझ्यासाठी माळकरी. कवच बघून बराच अंदाज येतो. कवचाचं तोंड गोल, सलग, कुठं खाच नाही, तर बहुतेक माळकरी. तोंडाच्या पुढच्या टोकाला खाच किंवा पन्हाळीसारखी नळी निघालेली असंल आणि त्यातून जनावर एक लांब सोंड वर काढून हलवत चालत असंल तर ती पाण्यात वास घेत फिरायली, म्हणजे मांस शोधायली. पण ह्या नियमाला घरातच अपवाद आहे, सेरिथ. लांबट, टोकदार, मळकट, खडबडीत कवच, तोंडाला बारीकशी खाच पण असते, तरी ती पक्की माळकरी, वाळूत आणि दगडावर शेवाळ आणि पडलेला कचरा खाते. म्हणून नुसत्या खाचेवर फाशी देऊ नका.

शंका असली की मी पंगत मांडतो. दीड लिटरची बरणी, त्यात टँकचंच पाणी, एका कोपऱ्यात शेवाळ चढलेला दगडाचा खडा, दुसऱ्या कोपऱ्यात कोळंबीचा हरभऱ्याएवढा तुकडा, मधे पाहुणी. एअरपंपाची नळी बारीक सोडून ठेवायची आणि तासाभर बघायचं कुणाच्या पानावर बसली. कोळंबी तासाभरात काढून परत रात्री टाकली तरी चालतं, रात्रभर ठेवली तर पाणी नासतं, आणि उन्हाळ्यात आपल्याकडं बरणी खिडकीजवळ ठेवली तर सकाळपर्यंत तिचा रस्सा होतो, म्हणून बरणी टँकच्याच पाण्यात अर्धी बुडवून बांधून ठेवायची. एक लक्षात असू द्या, कोळंबी खाल्ली म्हणजे लगेच गुन्हेगार नाही. नासारियस दिवसभर वाळूत पुरलेली असते, वर फक्त सोंड, खायला टाकलं की मसणातून उठल्यासारख्या पाचसहा एकदम वाळूतून वर येतात, पण ती मेलेलं खाते, जिवंताच्या वाटेला सहसा जात नाही. तिच्यासारखीच दिसणारी, पण मोठी आणि जाड कवचाची, जी जिवंत शिंपल्यावर किंवा दुसऱ्या गोगलगाईवर चढून तासन्‌तास बसते, ती व्हेल्क. तिला बाहेर काढायचं.

आता एकेक घेतो, जे नेहमी दिसतं ते आधी.

ज्वारीच्या दाण्याएवढी, गोल गरगरीत, पांढरट अंगावर तपकिरी ठिपके, रात्री काचेवर शेकड्यानं दिसते, दिवसा एक नाही. ती कोलोनिस्टा. नवीन माणसाला वाटतं टर्बोची, म्हणजे विकत आणलेल्या मोठ्या गोगलगाईची पिल्लं झाली. पिल्लं नाहीत, ती एवढीच राहते, 3 ते 5 मिलिमीटर, निरुपद्रवी. खूप झाली असतील तर तुम्ही माशांना जास्त खायला घालायलात, दोष तिचा नाही.

आता हिच्याच मापाची पण वेगळी, आणि हिचाच खरा घोळ होतो. पिरॅमिडेलिड. तांदळाची कणी समजा, पांढरी, लांबट, टोकदार, 1 ते 3 मिलिमीटर. ही चावत नाही, चावायला हिला खरबरीत जीभच नसते, सुईसारखी सोंड खुपसून रस ओढते, टर्बो, ट्रोकस, अ‍ॅस्ट्रिया असल्या गोगलगाईंचा किंवा ट्रिडॅक्ना शिंपल्याचा. माझ्याकडं तीन ट्रोकस पाठोपाठ मेल्या, मी पाण्याच्या टेस्ट करून थकलो, सगळं बरोबर. शेवटी एका रात्री दीड वाजता लाल टॉर्च घेऊन बसलो तर चौथीच्या कवचाच्या काठावर, जिथून तिचा पाय बाहेर येतो तिथं, नऊ कण्या ओळीनं बसलेल्या, जणू वासराच्या कानातल्या गोचड्या. दिवसा तीच गोगलगाय हातात घेऊन बघितली होती, तेव्हा एकही नव्हती. भिंगाखाली धरली की त्रिकोणी कानासारखी दोन शिंगं आणि दोन डोळे त्या शिंगांच्या मधे अगदी जवळजवळ दिसतात, तिथं ओळख पक्की. बारीक सेरिथही लांबट असते पण ती मळकट आणि एकटी वाळूत किंवा दगडावर चरत असते. फरक जागेचा आहे, कणी दगडावर चरायली तर बघू, कणी दुसऱ्या गोगलगाईच्या काठावर ओळीत बसली तर पिरॅमिड. उपाय साधा पण चिकाटीचा, मऊ टूथब्रशनं प्रत्येक गोगलगाईचा काठ टँकच्या पाण्याच्या भांड्यात घासायचा, ते पाणी फेकायचं, चारपाच दिवसांनी परत, कारण जेलीसारख्या थेंबातली अंडी कवचावरच असतात. सिक्सलाइन रॅस नावाचा मासा ह्या कण्या टिपून खातो, पण तो स्वतः भांडखोर, नंतर टाकलेल्या लहान माशांना टिकू देत नाही, मी घेतला नाही.

दगडाला चिकटलेली कडक नळी, टोक उघडं, हात फिरवला तर काट्यासारखी टोचते आणि नळीच्या तोंडातून कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे पाण्यात लोंबतात, ती व्हर्मेटिड. ही पण गोगलगायच आहे हे खरं वाटत नाही, पण आहे, लहानपणी दगडाला चिकटली की जन्मभर तिथंच, जाळं टाकून बसायचं आणि अडकलेलं जाळ्यासकट गिळायचं. ते जाळं कोरलवर लोळत राहिलं की कोरल मिटून बसतं, वाढ खुंटते, नैसर्गिक रीफवर, प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाजवळही हेच आढळलंय. एकदोन असतानाच हात घाला, वाढायची वाट बघू नका. नळी मुळापासून चिमट्यानं मोडायची, नुसतं टोक मोडलं तर ती परत बांधते. मोडता येत नसंल तर तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब, पातळ वाला नको तो पाण्यात पसरतो. दगड वर काढून, टिश्यूनं टोक कोरडं करून थेंब ठेवायचा, अर्धा मिनिट थांबायचं, परत बुडवायचा. एका रविवारी मी 41 नळ्या बुजवल्या, बायको म्हणली ऑफिसात इतकं मन लावून काम केलं असतं तर.

हिच्याशी घोळ होतो तो स्पायरॉर्बिडचा. काचेवर, सम्पमधे म्हणजे टँकखालच्या गाळणीच्या टाकीत, पाइपच्या आत पांढरी बारीक जिलेबी चिकटल्यासारखी दिसते, 1 ते 3 मिलिमीटर, सपाट गुंडाळी. तो गोगलगायच नाही, किडा आहे, पाणी गाळून खातो, पिसासारखा बारीक तुरा बाहेर काढतो. सोडून द्या. जाळं दिसलं तर व्हर्मेटिड, तुरा दिसला तर किडा, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

झोअँथिड, म्हणजे बटणांच्या झुपक्यासारखे दिसणारे कोरलचे भाऊबंद (थोडक्यात झोआ), ठेवत असाल तर सनडायल ओळखता आली पाहिजे. चपटी, गोल, चकलीसारखी गुंडाळी, कडेला काळ्यापांढऱ्या किंवा तपकिरी चौकटी, दिसायला इतकी सुंदर की हात धजावत नाही. ती झोअँथिडच खाते, दुसरं काही नाही, आणि दिवसा त्यांच्याच बुडात लपून बसते. मिटलेले झोआ उघडत नसतील तर रात्री बुडाशी बघा. लिंपेट म्हणजे दगडाला चिकटलेली टोपी, बहुतेक माळकरी, पण टोपीच्या डोक्यावर भोक असंल तर ती कीहोल लिंपेट, त्यातल्या काही कोरलवर चढतात, तर तिला बरणीत आणि पंगतीला. पाठीवर आठ पट्ट्या, चिलखत घातल्यासारखा चपटा प्राणी दिसला तर कायटन, निर्धास्त ठेवा, त्याच्या दातांवर मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकी लोहखनिजाचा थर असतो, दगड खरवडून खरवडून शेवाळ खातो. उचलायला जाऊ नका, सुटत नाही.

आणि कोन शेल. आइसक्रीमच्या कोनसारखं, वरून रुंद आणि चपटं, खाली निमुळतं, तोंड म्हणजे एक लांब अरुंद फट. हिला उघड्या हातानं उचलायचं नाही, कितीही छोटी असंल तरी. ही विषारी बाण मारते, जिओग्राफी कोननं माणसं मेलेली आहेत आणि तिच्या विषावर उतारा नाही. ह्याच घराण्यातल्या मॅजिशियन कोनच्या विषावरून झिकोनोटाइड हे वेदनेवरचं औषध निघालं, 2004 ला अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तो शास्त्रज्ञांचा विषय, आपण लांब चिमटा वापरायचा. टँकमधे सहसा येतात त्या लहान, किडे खाणाऱ्या जाती, माणूस मारणाऱ्या नाहीत, तरी सवय चिमट्याचीच लावा.

बिनकवचाच्या गोगलगाईंबद्दल थोडक्यात. अंगावर पांढरी झुलपं असलेली बर्गिया फक्त एप्टेशिया, म्हणजे टँकमधे तणासारखं माजणारं समुद्रफूल खाते, ती दिसली तर नशीब समजा. पण तशीच पांढरी झुलपंवाली 5-6 मिलिमीटरची मॉन्टिपोरा नावाच्या कोरलच्या खाली बसलेली असंल तर ती मॉन्टिपोराच खाते. परत तेच, कुठं बसली ते बघा. झोआ खाणारी तर झोआचाच रंग अंगावर घेऊन बसते, दिसता दिसत नाही.

अंड्यांवरूनही घर कळतं. काचेवर पांढरे तीळ चिकटवल्यासारखे, नखानं निघत नाहीत, ती नेराइटची, त्यातून टँकमधे सहसा काही निघत नाही. शेवईसारखी नागमोडी दोरी सेरिथची. काचेवर पारदर्शक खवले एकावर एक नागमोडी ओळीत, नासारियसची. कोरलच्या बुडाशी पांढरी गोल गुंडाळी किंवा चिकट पट्टी दिसली तर मात्र खरवडून काढा, ती बहुतेक कोरल खाणाऱ्याची असते.

गोगलगाईंशिवाय जे येतं त्यात सगळ्यात बदनाम ब्रिसलवर्म. गुलाबी करडा, पैशासारखा, म्हणजे आपल्या पावसाळ्यातल्या पैशा किड्यासारखा, दोन्ही बाजूला पांढऱ्या केसांच्या झुपक्यांची रांग. लोक किंचाळतात. अरे तो झाडूवाला आहे, मेलेलं आणि उरलेलं खातो, त्याला मारलं तर ते काम तुम्हाला करावं लागंल. फक्त हात लावू नका, केस कातडीत मोडतात आणि दोन दिवस आग होते, लागलेच तर चिकटपट्टी लावून ओढायचे, चोळायचं नाही. आमच्याकडं दोनतीन तास लाइट गेली की ऑक्सिजन कमी पडतो आणि हे सगळे दगडातून वर चढतात, तेव्हा कळतं घरात किती बिऱ्हाडं आहेत. एअरपंप तेवढा इन्व्हर्टरवर घ्या. ह्याचा वाईट चुलतभाऊ युनिस, त्याच्या डोक्यावर पाच मिशा असतात, अंग चमकतं, पांढरे झुपके नसतात. इंग्लंडच्या न्यूकीतल्या एका मत्स्यालयात 2009 साली कोरल कोण कुरतडतंय म्हणून सगळे दगड उपसले तर जवळजवळ चार फुटाचा निघाला. मिशा मोजा आणि मग ठरवा.

रात्री टकटक आवाज येतो? मी आठवडाभर स्टॅबिलायझरवर संशय घेतला, इलेक्ट्रिशियन बोलावला, त्यानं पन्नास रुपये घेतले आणि आवाज चालूच. तो टँकमधून येत होता. असा आवाज दोघं काढतात, पिस्टल श्रिंप आणि मँटिस श्रिंप, आणि नुसत्या आवाजावरून फरक करता येत नाही. पिस्टलचा एक नांगा दुसऱ्यापेक्षा भला मोठा असतो, तो बिळात राहतो, त्रास फारसा नाही. मँटिसचे डोळे देठावर असतात आणि दोन्ही वेगवेगळ्या दिशेला फिरतात, पुढचे पाय प्रार्थनाकीटकासारखे दुमडलेले. वाळूत गोगलगाईंच्या कवचांचे फुटके तुकडे साठायला लागले की समजायचं. माझा मँटिसच निघाला, 4 सेंटिमीटरचा. पाण्याची बाटली वरून कापायची, तोंडाकडचा भाग उलटा करून आत बसवायचा, आत कोळंबी, बाटली वाळूत आडवी, तिसऱ्या रात्री सापडला. मारला नाही, जुन्या छोट्या टाकीत एकटा ठेवलाय आणि आता सगळ्यात लाडका तोच आहे.

खेकड्याचे नांगे बघा. टोकं काळी आणि अणकुचीदार, अंगावर केस, तर बाहेर. टोकं चमच्यासारखी पसरट तर शेवाळ खरवडणारा. पण पॉसिलोपोरा कोरलच्या फांद्यांत बसलेला गुळगुळीत छोटा ट्रॅपेझिया मात्र काढू नका, तो त्या कोरलचा राखणदार आहे, समुद्रात कोरल खाणाऱ्या काटेरी स्टारफिशलासुद्धा हाकलतो. टँकमधे दिसणारा नखाएवढा वाकड्यातिकड्या हातांचा स्टारफिश म्हणजे अ‍ॅस्टेरिना, स्वतःला तोडून दोन होतो, बहुतेकदा काचेवरचा थर खातो, काही झोआवर चढून त्यांना जाळतात, तर कुठं बसतोय त्यावर लक्ष ठेवा. सायकॉन स्पंज, 1 सेंटिमीटरची पांढरी अननसासारखी पिशवी, डोक्यावर केसांचा झुपका, निरुपद्रवी. मोठ्या डोळ्यांचा, पोहत जाऊन माशाला चिकटणारा उवेसारखा किडा असंल तर सिरोलॅनिड, माशाचं रक्त पितो, तो मात्र लगेच काढायचा.

एप्टेशियाचं वेगळं सांगतो कारण तिच्यावर सगळ्यांचे प्रयोग चालतात. तपकिरी पारदर्शक छोटं नारळाचं झाड, हात लावला की झपकन आत. कापायची नाही, कुस्करायची नाही, बुडाचा तुकडा जरी उरला तरी त्यातून नवीन उगवते, आपल्या शेतातल्या लव्हाळ्यासारखी, खुरपलं की चार. चुन्याची दाट पेस्ट, म्हणजे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड, सिरिंजनं तिच्या तोंडावर, पंप बंद करून, एका दिवशी चारपाचच. पानाचा चुना वापरू नका, त्यात काय काय असतं.

आता दारातच कसं अडवायचं. मुंबईहून ट्रॅव्हल्सनं थर्माकोलचा डबा येतो, सकाळी सहाला स्टँडवर उभं राहून घ्यायचा आणि थेट टँकमधे ओतायचा मोह आवरायचा. पिशवीतलं पाणी टँकमधे नाही म्हणजे नाही. कोरलचा तुकडा ज्या प्लगवर, म्हणजे बुचासारख्या बैठकीवर येतो तो प्लग शक्यतो बदलायचा, अंडी त्याच्याच खाली असतात. मग कोरल डिपमधे, म्हणजे किडे मारायच्या औषधाच्या पाण्यात, लेबलवर लिहिलंय तेवढी मिनिटं बुडवायचं, मधून मधून पिपेटनं झोत मारायचा आणि मग भांड्याच्या तळाशी काय पडलं ते पांढऱ्या वाटीत बघायचं, अर्धी हौस तिथंच फिटते. डिपनं प्राणी मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतरानं असं तीनचार वेळा, तोवर वेगळ्या टाकीत. गोगलगाई डिप करायच्या नाहीत, त्यांना ब्रश.

दोन गोष्टी चुकूनही नकोत. एक, तांबं असलेलं माशाचं औषध रीफ टँकमधे टाकायचं नाही, गोगलगाई, झिंगे, कोरल सगळे जातात, आणि शेतातल्या गोगलगाईसाठी आणलेलं मेटाल्डिहाइड तर त्या खोलीत पण आणू नका, तात्यांनी प्रेमानं पुडी देऊ केली होती. दुसरं, घाण दगड स्वच्छ करायला उकळायचा नाही. दगडावर पॅलिथोआ, म्हणजे झोआचे भाऊबंद असले तर त्यांचं पॅलिटॉक्सिन हे जहरी विष वाफेत जातं, परदेशात असं करून घरातली सगळी माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. घासतानासुद्धा पाण्यातच, हातमोजे आणि चष्मा घालून.

आणि मालवणला सहलीला गेलात तर "एवढासा दगड" पिशवीत टाकू नका. तिथं 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, शिवाय रीफ बनवणारे कोरल आणि सी ककंबर (समुद्रकाकडी) 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. कोरल घेताना विक्रेत्याकडं कागद मागा, तो हसला तर दुसरीकडं जा. मी आता दगड कोरडाच घेतो, फुकटे कमी येतात, पण मजाही कमी येते हे खरं.

सध्या बरणीत एक आहे. 11 मिलिमीटर, आलेखाच्या पानावर मोजलीय, फिकट पिवळी, तोंडाला खाच, सोंड काढते. चार रात्री झाल्या, शेवाळाला तोंड लावलं नाही, कोळंबीच्या शेजारून दोनदा गेली आणि तिलाही नाही. आज कोळंबीऐवजी ब्रिसलवर्मचा तुकडा ठेवलाय. लाइट दहाला बंद केलीय, साडेअकराला बसतो.